तान्ह्या बाळाचे रडणे आणि पोटातील वायू

जन्मानंतर दोन-तीन आठवडे लोटतात, बाळ दूध नीट ओढू लागते, त्याचे वजन वाढू लागते आणि घरातील माणसे जराशी निश्चिंत होतात न होतात, तोच एक नवे संकट उभे राहते. दिवसभर शांत असलेले मूल दिवेलागणीच्या सुमारास एकाएकी रडू लागते. चेहरा लालबुंद होतो, मुठी आवळल्या जातात, गुडघे पोटाशी ओढले जातात, पोट हाताला घट्ट लागते आणि मधूनच वायू सरतो. अंगावर घेतले तर क्षणभर चोखून ते तोंड फिरवते. दोन-तीन तास असे गेल्यावर, जणू काही घडलेच नव्हते अशा रीतीने ते झोपी जाते. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तोच प्रकार सुरू होतो.

या प्रकाराला आपल्याकडे नावे पुष्कळ आहेत. कोणी म्हणते कळ आली, कोणी मुरडा म्हणते, कोणी गुबारा धरला म्हणते, तर कोणी वायू अडकला म्हणते. दिल्लीकडील हिंदीत ‘गैस’ आणि ‘मरोड’ हे शब्द सर्रास कानी पडतात. इंग्रजीतील ‘कॉलिक’ हा शब्द मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावावरून आलेला आहे. आपला ‘पोटशूळ’ही त्याच जातीचा. म्हणजे भाषा कोणतीही घ्या, नाव पोटाकडेच बोट दाखवते. अनुवादकाला शब्द मिळाला की त्याचे काम भागते. परंतु येथे शब्द मिळाल्याने काम बिघडते, कारण नाव ठरले की उपचार ठरतो. दुखणे पोटात आहे असे एकदा गृहीत धरले की औषध तोंडावाटेच जाणार. प्रस्तुत लेखात ‘पोटशूळ’ हा शब्द केवळ रूढ म्हणून वापरला आहे. दोष खरोखर पोटाचा आहे काय, हाच मुळात विचाराचा विषय आहे.

बोलता न येणाऱ्या जीवाची वेदना ओळखावी कशी, हा प्रश्न आपल्याकडील प्राचीन वैद्यांनाही पडला होता. नेपाळातील ताडपत्रांवरून तयार झालेली आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केलेली ‘काश्यपसंहिता’ हा बालरोगांवरील ग्रंथ आहे. त्यात वेदनांविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे. मूल स्तन सोडून देते, रडते, त्याचे पोट ताठरते, अंग गार पडते आणि तोंडावर घाम येतो, अशी शूळाची लक्षणे तेथे सांगितली आहेत. निरीक्षण किती बारकाईचे आहे हे तान्हे मूल सांभाळलेल्या कोणालाही पटेल. मात्र लक्षणे बिनचूक टिपली म्हणून कारणही हाती लागले असे होत नाही. ते शोधण्यासाठी पुष्कळ मुलांचे रडणे पुष्कळ दिवस मोजावे लागते, आणि हे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पद्धतशीरपणे कोणी केले नव्हते.

१९५४ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथील बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक व्याख्या मांडली. ज्याचे पोट भरलेले आहे व प्रकृती उत्तम आहे असे मूल दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि असे तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर त्याला पोटशूळ आहे असे म्हणावे. तीनचा हा पाढा वैद्यकाच्या पुस्तकांत लगेच रूढ झाला. तो लक्षात ठेवण्यास सोपा आहे, इतकेच त्याचे बलस्थान. अडीच तास रडणाऱ्या मुलाची आई साडेतीन तास रडणाऱ्या मुलाच्या आईपेक्षा कमी दमलेली असते असे कोण म्हणेल? म्हणूनच २०१६ साली पचनसंस्थेच्या विकारांविषयी जे आंतरराष्ट्रीय निकष ठरविण्यात आले, त्यांत वैद्याने निदान करताना तास मोजण्याचा आग्रह सोडून देण्यात आला. पाच महिन्यांच्या आतील मूल उघड कारणावाचून वारंवार व दीर्घकाळ रडते, ते थांबविणे वा टाळणे पालकांच्या हाती राहत नाही आणि मुलाला ताप, आजार वा वाढीतील खुंट नाही, एवढे पुरेसे मानण्यात आले.

याहून महत्त्वाचे काम डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. त्यांनी ८० निरोगी बालकांच्या मातांना रोजच्या रडण्याची नोंद ठेवावयास सांगितली. दुसऱ्या आठवड्यात ही मुले दिवसाकाठी साधारण पावणेदोन तास रडत होती. सहाव्या आठवड्यात हेच प्रमाण पावणेतीन तासांवर गेले. त्यानंतर ते उतरत गेले आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास पुष्कळच खाली आले. रडण्याचा भर संध्याकाळी होता. ही आजारी मुले नव्हती, सामान्य मुले होती, हे येथे मुद्दाम ध्यानात घ्यावयास हवे. म्हणजे रडण्याची चढण, सहाव्या आठवड्याचे शिखर आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यातील उतार हा बहुतेक सर्व तान्ह्या मुलांचा क्रम होय. ज्याला आपण पोटशूळ म्हणतो, तो बहुतांशी या डोंगराचा अधिक उंच सुळका आहे.

पुढील संशोधनाने या समजुतीला दोन भक्कम आधार दिले. पहिला आधार मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांचा. त्यांचे रडणे जन्मापासून सहा आठवड्यांनी शिखरावर पोचत नाही. प्रसूतीची जी अपेक्षित तारीख होती, तेथून सुमारे सहा आठवड्यांनी पोचते. पोटात दूध जाऊ लागून किती दिवस झाले याला महत्त्व असते, तर असे घडते ना. घड्याळ चालते ते मज्जासंस्थेच्या परिपक्वतेचे. दुसरा आधार आफ्रिकेतील कालाहारी प्रदेशातील कुंग सान लोकांचा. तेथील माता बाळाला जवळजवळ सर्वकाळ अंगाशी बाळगतात आणि ते कुरकुरले की लगेच पाजतात. डॉ. रोनाल्ड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवून दिले की, याही मुलांत रडण्याचे शिखर असतेच. परंतु प्रत्येक वेळचे रडणे पाश्चात्त्य मुलांच्या मानाने फार लवकर थांबते. रडण्याची चढण टाळता येत नाही, पण तिची लांबी कमी करता येते, असा याचा अर्थ.

मग पोटातील वायूचे काय? तो तर खोटा नाही. बाळाच्या आतड्यात वायू दोन मार्गांनी येतो. दूध पिताना गिळलेली हवा हा एक, आणि दुधातील साखरेचा न पचलेला अंश मोठ्या आतड्यातील जंतूंच्या क्रियेने आंबतो तेव्हा निर्माण होणारा वायू हा दुसरा. नवजात आतड्यातील जंतूंची वस्ती अद्याप बसलेली नसते आणि आतड्याची हालचालही पुरती तालात नसते, त्यामुळे काही मुलांना यापासून त्रास होणे शक्य आहे. परंतु रडताना मूल तोंडाने हवा ओढते आणि तीतील काही गिळते. तासभर रडलेल्या मुलाचे पोट नगाऱ्यासारखे लागले आणि मग मोठ्याने वायू सरला, तर त्यावरून वायूमुळे ते रडत होते असा निष्कर्ष काढणे म्हणजे घोड्यापुढे गाडी बांधणे होय. गुडघे पोटाशी घेण्याचीही तीच गत. लस टोचल्यावरही मूल गुडघे पोटाशीच घेते. त्या वयात रडण्याची रीतच ती आहे.

आता बाटल्यांचा इतिहास पाहू. तो मनोरंजक आहे असे म्हणवत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात रडणाऱ्या मुलांना ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे जे पेय पाजत, त्यात अफू असे. अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ घरोघरी होते. त्यात मॉर्फिन असे. आणि हे परक्यांचेच पाप होते असे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका पाळीवर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देत. डॉ. बार्न्स या सरकारी महिला डॉक्टरांनी १९२२ साली गिरणी-कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी जो अहवाल दिला, त्यात या चालीचे किती प्रचंड प्रमाण होते ते नमूद आहे. १९३१ सालच्या मजूरविषयक शाही आयोगानेही तिची गंभीर दखल घेतली. त्या बायकांना दोष देणे सोपे आहे. दहा तास यंत्रापुढे उभे राहावयाचे आणि मूल चाळीच्या खोलीत किंवा शेजारणीपाशी ठेवावयाचे, अशा स्थितीत गप्प झोपलेले मूल हीच त्यांची एकमेव सोय होती.

ग्राइप वॉटरची कथा यापेक्षा सौम्य आहे. इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने १८५१ साली ते तयार केले. पूर्व इंग्लंडच्या दलदलीत येणाऱ्या हिवतापावर मुलांना जे मिश्रण देत, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. शेपाचे तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि मद्यार्क हे त्याचे घटक. मूल शांत होई ते यांपैकी कशामुळे, हे चाणाक्ष वाचकास सांगावयास नको. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकाच्या आरंभी त्यातील मद्यार्क काढून टाकावा लागला. आज आपल्याकडे विकले जाणारे ग्राइप वॉटरही मद्यार्कविरहितच असते. उरले ते गोड, सुवासिक पाणी. गोड चवीने मूल क्षणभर रडे विसरते हे खरे आहे. पण तेवढ्यासाठी ते देण्यात अर्थ नाही.

पुढे ‘डायसायक्लोमिन’ आले. आतड्याची पेटकी सैल करणारे हे औषध मोठ्यांसाठी उपयोगी आहे. तान्ह्या मुलांत मात्र त्याने श्वास अडखळल्याची आणि शुद्ध हरपल्याची उदाहरणे घडली, आणि १९८०च्या दशकात सहा महिन्यांखालील मुलांना ते निषिद्ध ठरले. मोठ्या भावंडासाठी आणलेली थेंबांची बाटली धाकट्यासाठी पुन्हा उघडण्याची सवय म्हणूनच घातक आहे. बाटलीवरील घटकांची नावे वाचण्याइतके अक्षर बारीक असले तरी ती वाचावीतच. वायूचे बुडबुडे फोडणारे ‘सिमेथिकोन’ निरुपद्रवी आहे. परंतु औषधाचे थेंब आणि नुसते रंगीत पाण्याचे थेंब आळीपाळीने देऊन केलेल्या १९९४ सालच्या चाचणीत दोहोंत फरक दिसला नाही. अलीकडे ‘लॅक्टोबॅसिलस रॉयटरी’ या हितकर जंतूच्या थेंबांची पुष्कळ चर्चा आहे. इटलीतील तुरीन येथे २००७ साली त्यांचा चांगला गुण आला. मेलबर्न येथे २०१४ साली आला नाही. २०१८ साली सर्व चाचण्यांचा एकत्र विचार झाला, तेव्हा अंगावर पिणाऱ्या मुलांना त्यांचा काही उपयोग होतो, वरच्या दुधावरील मुलांविषयी मात्र तसे म्हणता येत नाही, असे दिसले. डॉक्टरांनी सुचविल्यास ते देऊन पाहण्यास हरकत नाही.

एक गोष्ट या सर्व औषधांना समान आहे. रडण्याने घर टेकीस येते ते सहाव्या ते आठव्या आठवड्यात, आणि बाटली आणली जाते तीही तेव्हाच. त्यानंतर रडणे आपोआप कमी होऊ लागते. शेवटी आणलेली बाटली यश घेऊन जाते, आणि शेजारच्या घरी तिची शिफारस होते.

घरगुती गुटीविषयी अधिक सावधपणे बोलावयास हवे, कारण तिच्यामागे आजीचे प्रेम असते. सहाणेवर वेढे मोजून उगाळलेली हळकुंड, हिरडा, बेहडा, वेखंड, सुंठ, जायफळ, अतिविष, मुरुडशेंग ही बाळगुटी महाराष्ट्रात घरोघरी दिली गेली आहे. मुरुडशेंगेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिची शेंग पिळलेल्या दोरीसारखी असते. पोटात पीळ पडतो त्यावर पीळ पडलेली शेंग, असे साधे तर्कशास्त्र तिच्या नावातच दडलेले आहे. दिल्लीत हीच गोष्ट ‘जनमघुट्टी’ म्हणून मिळते. या वस्तूंपैकी काही निरुपद्रवी असतील. परंतु जायफळाने गुंगी येते, वेखंडात अपायकारक द्रव्य आहे आणि घुट्टीसोबत चाटविला जाणारा मध वर्षाच्या आतील मुलाला मुळीच देऊ नये, कारण त्यातील जंतुबीजांपासून पक्षाघातासारखा भयंकर आजार होऊ शकतो. याखेरीज सहाण, बोट, वाटी आणि पाणी यांतून येणारे जंतू वेगळेच. पोटाला आराम मिळावा म्हणून दिलेल्या गुटीने हगवण लागावी, हे काही दुर्मीळ नाही.

येथे दिल्लीतीलच एक अभ्यास आठवतो. राजधानीच्या मे-जूनमधील उन्हाळ्यात, पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो तेव्हा, नुसत्या अंगावरच्या दुधावर मुलाची तहान कशी भागेल ही शंका कोणालाही येईल. मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एच. पी. एस. सचदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासून पाहिली आणि १९९१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केला: उन्हाळ्यातही केवळ मातेच्या दुधावरील निरोगी मुलाला पाण्याची गरज नसते. दिल्लीच्या लूमध्येही जर साधे पाणी लागत नाही, तर गोड पाणी, ओव्याचे पाणी किंवा बडीशेपेचे पाणी कशासाठी? बाळाचे पोट लहान असते. वरच्या प्रत्येक चमच्याने दुधाचा तेवढा घोट कमी होतो. चोखणे कमी झाले की पान्हाही आटत जातो. मग ‘दूध पुरत नाही म्हणून रडते’ हे भाकीत स्वतःच स्वतःला खरे करून दाखविते आणि डब्याचे दूध घरात शिरते. दुधाच्या भुकटीच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर भारताने १९९२च्या कायद्याने बंदी घातली व २००३ साली ती अधिक कडक केली. या कायद्याच्या पालनावर लक्ष ठेवणारी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही दिल्लीतून काम करणारी संस्था १९९१ साली आपल्या वर्ध्यात स्थापन झाली, हे मराठी वाचकांस ठाऊक असावे. पण सहाव्या आठवड्यातील रडणे ही अशी जाहिरात आहे की जिच्यावर कायदा चालत नाही.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओला होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे.

आता करावयाचे काय ते पाहू. पहिली गोष्ट पाजण्याची रीत. बाळाच्या तोंडात नुसते स्तनाग्र जाऊन चालत नाही; भोवतीच्या काळसर वर्तुळाचा बराचसा भाग जावयास हवा, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी आणि खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. चुटचुट आवाज येत असेल तर हवा आत जात आहे असे समजावे. एका बाजूचे दूध पुरते पिऊ द्यावे, मग दुसरीकडे घ्यावे. मूल भुकेने आक्रोश करू लागण्याची वाट पाहू नये. ते मुठी चोखू लागले, मान वळवू लागले की पाजावे, कारण रडत रडत पिणारे मूल हवाच अधिक पिते. काही कारणाने बाटली द्यावीच लागत असेल तर मुलाला अर्धवट बसते धरावे आणि निपल दुधाने पूर्ण भरलेले राहील अशी बाटली कलती ठेवावी. पाजून झाल्यावर खांद्यावर उभे धरून पाठीवरून हात फिरवावा. ढेकर आली तर उत्तम; दहा मिनिटांत न आली तर तिच्यासाठी झोपलेल्या मुलाला थोपटून जागे करण्यात शहाणपण नाही.

दुसरी गोष्ट जवळ घेण्याची. ‘उचलून उचलून सवय लागेल’ हा इशारा प्रत्येक नव्या आईला मिळतो. त्यास आधार नाही. माँट्रियल येथील १९८६ सालच्या एका अभ्यासात काही मातांना रडणे नसतानाही बाळाला रोज अधिक वेळ कडेवर वा झोळीत बाळगावयास सांगितले होते. सहाव्या आठवड्यात त्यांची मुले इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, ज्यांचे रडणे आधीच विकोपास गेले होते अशा मुलांत पुढील अभ्यासात हा गुण आला नाही. म्हणून जवळ घेणे हे औषध म्हणून संध्याकाळी सुरू करावयाचे नसून सकाळपासूनच चालू ठेवावयाचे असते. जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ साली एक व्यवहार्य रीत सांगितली आहे: रडणाऱ्या मुलाला छातीशी धरून पाच मिनिटे संथ, न थांबता चालावे, ते झोपल्यावर लगेच खाली न ठेवता आणखी पाच ते आठ मिनिटे मांडीवर घेऊन बसावे, म्हणजे अंथरुणावर टेकताच जागे होण्याचा धोका कमी होतो. आपल्या आज्या घड्याळ न पाहता हेच करीत.

याशिवाय बाळाला आपल्या बाहूवर पालथे घेऊन, त्याचे पोट तळहातावर व डोके कोपराशी ठेवून डुलविणे, कोमट पाण्याने आंघोळ, मंद अंधार, पंख्याचा एकसुरी आवाज, पाय धरून सायकलसारखे हळू फिरविणे, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तेलाचा हात फिरविणे, यांपैकी जे मानवेल ते करावे. सर्व एकदम करू नये. दर दोन मिनिटांनी उपाय बदलल्याने दमलेले मूल अधिकच भांबावते. बेंबी पूर्ण सुकली असेल तर तिच्याभोवती हिंगाचे पाणी लावण्यास फारसा विरोध करण्याचे कारण नाही, ते पोटात मात्र देऊ नये. दिल्लीत बाळंतिणीच्या शुश्रूषेसाठी ठेवलेल्या ‘जापा’ बायका मालिश चांगले करतात, पण त्यांच्यापैकी काही पोट रगडतात किंवा मुलाला उलटे टांगतात. त्यांना स्पष्टपणे थांबवावे. आणि एक गोष्ट हिवाळ्याची. डिसेंबर-जानेवारीत दारे-खिडक्या लावून अंगीठी पेटवायची आणि तिच्यावर ओवा-शेपा टाकून शेक व धुरी द्यायची, हे जीवावर बेतू शकते. बंद खोलीतील कोळशाच्या विषारी वायूने उत्तर भारतात दर हिवाळ्यात माणसे दगावतात, आणि त्या वायूला वास नसतो.

बाळंतिणीच्या ताटावर या निमित्ताने जो अन्याय होतो, त्याबद्दल दोन शब्द. महाराष्ट्रात वाल, पावटा, हरभरा. दिल्लीत राजमा, छोले, फुलकोबी. ‘तू वातूळ खाल्लेस म्हणून त्याला वात झाला’ हे वाक्य दोन्हीकडे तेच. वातूळ पदार्थांनी वायू होतो तो आईच्या आतड्यात, न पचलेल्या भागापासून. तो रक्तातून दुधात उतरत नाही. दुधात उतरतात ती काही प्रथिने, आणि थोड्या मुलांना गाईच्या दुधातील प्रथिनांचे वावडे असते. मुलाच्या शौचात रक्त येणे, अंगावर खरूजेसारखे चट्टे उठणे, वजन न वाढणे अशी लक्षणे असतील तर डॉक्टर आईला काही आठवडे दूध-दही बंद करावयास सांगतात आणि मग पुन्हा सुरू करून पाहतात. तेवढे सोडल्यास पाजणाऱ्या बाईला अर्धपोटी ठेवण्यात कोणाचेही कल्याण नाही.

काही लक्षणे दिसली तर मात्र पोटशूळ म्हणून वाट पाहू नये, रात्र असली तरी मुलाला रुग्णालयात न्यावे. तीन महिन्यांच्या आतील मुलाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, न ओसरणारी पोटाची फुगवटी, जांघेत किंवा अंडकोशाजवळ घट्ट गाठ, दूध पिणे सोडणे, मलूलपणा, धाप. रोजच्यापेक्षा वेगळे, चिरके रडणेही गंभीर मानावे. कपडे उतरवून सर्व अंग एकदा पाहावे. पायाच्या बोटाला केसाचा वेढा घट्ट बसल्याने मूल तासन्‌तास रडते आणि सारे घर पोटाला तेल चोळीत बसते, असेही घडते.

आता राहिली ती आई. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या विस्तारात नोकरीनिमित्त आलेली असंख्य जोडपी दोन खोल्यांच्या घरात एकटी राहतात. माहेरची किंवा सासरची बाई महिना-सव्वामहिना राहून परत जाते, म्हणजे नेमकी रडण्याचे शिखर जवळ येते तेव्हा. मूल रडते ते पाच ते दहा या वेळात, आणि नवरा वाहनांच्या गर्दीत अडकलेला असतो तोही त्याच वेळात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील धुरकट हवेत मुलाला घेऊन बाहेर फेरी मारण्याचीही सोय नसते. अशा एखाद्या संध्याकाळी हाताचा ताबा सुटणे अशक्य नाही. तान्ह्या मुलाला गदागदा हलविल्यास, ते क्षणभर का असेना, मेंदूत रक्तस्राव होऊन ते आंधळे होऊ शकते, मरूही शकते. राग अनावर होतो आहे असे वाटताच त्याला सुरक्षित जागी उताणे ठेवावे, दार ओढून घ्यावे, दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जाऊन बसावे, कोणाला तरी फोन करावा. दहा मिनिटांच्या रडण्याने मुलाचे काही बिघडत नाही.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा एक अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के मातांना नैराश्याने ग्रासलेले आढळले. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगाच हवा असताना मुलगी होणे, ही त्यामागील कारणांत होती. सहा ते आठ आठवडे हाच काळ बाळाच्या रडण्याच्या शिखराचाही आहे. त्यामुळे रडणाऱ्या मुलाला घेऊन आलेल्या बाईची झोप, भूक आणि मन यांची चौकशी डॉक्टरांनी केली पाहिजे. त्यांनी नाही केली तर घरच्यांनी करावी. दोन आठवडे झाले तरी तिचे रडू थांबत नसेल, मूल नकोसे वाटत असेल किंवा स्वतःच्या जिवाविषयी वेडेवाकडे विचार येत असतील, तर तिला त्वरित मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे उपलब्ध आहेत, आणि पाजणे बंद करावे लागेल या भीतीने उपचार लांबविण्याचे कारण नाही. त्याआधी घरात करता येण्याजोगी व्यवस्था अगदी साधी आहे: संध्याकाळचे दोन तास मूल दुसऱ्या कोणीतरी घ्यावयाचे, आणि त्या वेळात तिने स्वयंपाकघरात न जाता दार लावून झोपावयाचे. नवऱ्याला लवकर येता येत नसेल तर शेजारीण चालेल, पगारी बाई चालेल. मूल कोणाच्या हातात आहे यापेक्षा ते हात दमलेले नाहीत ना, हे पाहावे.